जुन्या ट्रॅक्टराच्या बॅटरीचा जमाखर्च

आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचे किंवा त्याहूनही जुने ट्रॅक्टर आहेत, त्यांची एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. बॅटरी नवी घातली तरी वर्ष-दीड वर्षांत ती उतरूं लागते. चावी फिरविली म्हणजे सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. आणि मग चार माणसें जमवून ट्रॅक्टर ढकलावा लागतो. धर्माबादेकडे ही अडचण बहुतकरून मृगाच्या सुमारास उभी राहते. रब्बीचीं कामें आटोपून मिरचीच्या खेपा संपल्या कीं ट्रॅक्टर उन्हाळ्यांत बरेच दिवस जागेवरच असतो. पुढें जूनमध्यें पाऊस होऊन काळ्या रानाला वापसा येतो. भारी जमिनीचा हा वापसा फार दिवस टिकत नाहीं, आणि पुन्हां पाऊस लागून राहिला तर आठ-आठ दिवस रानांत पाऊल घालतां येत नाहीं. अशा दिवशीं सोयाबीनची पेरणी बॅटरीपायीं खोळंबली, तर त्या बॅटरीची खरी किंमत दुकानांतल्या पावतीवर लिहिलेली नसते.

याकरितां बॅटरी कां उतरते व दोष नेमका कोठें आहे हें घरच्याघरीं कसें पाहावें, याचा विचार येथें करूं. मिस्त्रीस बोलावूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु घाईच्या दिवसांत मिस्त्रीलाही वेळ नसतो. तो सेल्फ मारून पाहतो, ‘बॅटरीच गेली, मालक, नवी टाका’ म्हणतो, आणि नवी बॅटरी घातल्यावर ट्रॅक्टर चालूही होतो. त्यामुळें त्याचें म्हणणें खरें ठरल्यासारखें वाटतें. मूळ दोष मात्र जागच्या जागीं राहून नव्या बॅटरीलाही पोखरूं लागतो.

आमची चाकरी महसूल खात्यांत कारकुनाची झाली. खजिन्यांत तूट आली म्हणजे नवी पेटी आणून ती भरून निघत नाहीं, हें त्या खात्यांत पहिल्याच वर्षीं समजतें. तूट आली कीं जमा वेळेवर होते कां, खर्च जमेच्या आंत आहे कां, आणि वहींत न चढतां कांहीं बाहेर जातें कां, हें पाहावयाचें. पेटी फुटली आहे कीं काय, हा प्रश्न सर्वांत शेवटीं. बॅटरी हा ट्रॅक्टराचा खजिनाच आहे. ती स्वतः वीज कमावीत नाहीं; डायनॅमो किंवा अल्टरनेटर जें देईल तें सांठविते व मागेल त्यास देते.

शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाच्या तेजाबाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं केली. एंजिन विजेनें फिरविणारा सेल्फ १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीला बसवून आला. त्यापूर्वीं हँडल मारावें लागे, आणि उलटलेल्या हँडलानें मनगटें मोडत. आपल्या देशांत १९६० सालीं मद्रासेस ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी निघाली, १९६३ सालीं मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली, आणि १९७४ पासून पंजाबांत स्वराज ट्रॅक्टर तयार होऊं लागला. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांची विजेची मांडणी अगदीं साधी असे: बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, दिवे आणि भोंगा. आजच्या मोटारींतल्यासारखा अहोरात्र थोडी थोडी वीज पिणारा संगणक त्यांत नाहीं. म्हणून अशा ट्रॅक्टराची चावी बंद असतां बॅटरींतून कांहींच जावयास नको, आणि जात असेल तर तें कोठें जातें हें शोधतां येतें. जुन्या यंत्राचा हा एक मोठाच गुण आहे.

आतां आंकडे पाहूं. बॅटरीवर ८८ अ‍ॅम्पीअर-तास असें लिहिलेलें असेल, तर अदमासें एक अ‍ॅम्पीअरचा खर्च ८८ तास पुरेल इतका तिचा सांठा आहे असें समजावें. सेल्फ एका वेळीं २०० ते ३०० अ‍ॅम्पीअर ओढतो. आंकडा मोठा दिसतो, पण काळ थोडा असतो. ३०० अ‍ॅम्पीअर दहा सेकंद घेतले तरी पुरता एक अ‍ॅम्पीअर-तासही खर्च होत नाहीं, व एंजिन चांगल्या वेगानें चाललें तर तो थोड्याच वेळांत भरून येतो. उलट ५ वॅटांचा एक क्षुल्लक दिवा सुमारें ०.४ अ‍ॅम्पीअर घेतो. तो रात्रंदिवस चालू राहिला तर दिवसाला १० अ‍ॅम्पीअर-तास जातात, आणि चार-पांच दिवसांत बॅटरी निम्मी रिकामी होऊन सेल्फ एंजिन उचलीनासा होतो. मोठा खर्च सर्वांना दिसतो. बुडवितो तो हा लहान व अखंड खर्च.

जमेची बाजू जुन्या ट्रॅक्टरांत बेताचीच असते. त्या वेळच्या डायनॅमोची कमाई साधारणतः ११ ते २२ अ‍ॅम्पीअर, तीही एंजिन वेगांत असतां. संथ चालीवर ती जवळजवळ शून्यावर येते. ५५ वॅटांचे दोन हेडलाईट लावले कीं ९ अ‍ॅम्पीअर तेथेंच गेले. वर छतावर दोन जादा दिवे, गाण्यांचा डेक, मोबाईलचा चार्जर, मोठा भोंगा! मिरचीच्या दिवसांत धर्माबादच्या बाजारांत ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. तेथें संध्याकाळीं एंजिन संथ ठेवून, दिवे लावून, गाणीं ऐकत दोन तास उभें राहणाऱ्यानें सगळा खर्च शिलकेंतून केला असें समजावें. ज्यांना जादा दिवे हवेच असतील त्यांनीं कमी वीज खाणारे एलईडी दिवे घ्यावेत, किंवा जाणत्या माणसाकडून डायनॅमोच्या जागीं अल्टरनेटर बसवून घ्यावा. अल्टरनेटर कमी वेगांतही कमावतो.

प्रत्यक्ष तपासणीस लागणारें सामान थोडें आहे. एक साधा मल्टीमीटर, दोन तारा जोडलेला १२ व्होल्टचा ५ वॅटी बल्ब, पाने, पॉलिश पेपर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, एवढें पुरे.

पहिल्यानें बॅटरीचीं टोकें व जाड तारा पाहाव्यात. निम्म्या तक्रारी येथेंच मिटतात, असा आमचा अनुभव आहे. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार सांठलेला असतो. ट्रॅक्टरावरून खतांचीं पोतीं वाहिलीं जातात, त्या खताची धूळ व दमट हवा या क्षाराला मदतच करते. सोडा पाण्यांत कालवून टोकें धुवावीं. तें पाणी कप्प्यांत जाऊं देऊं नये. मग पॉलिश पेपरनें घासून, आवळून, वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. तार काढतांना सांगाड्याला जोडलेली, म्हणजे अर्थची तार आधीं काढावी आणि लावतांना ती शेवटीं लावावी. नाहींतर पाना सांगाड्याला टेकला कीं ठिणग्यांचा लोळ उठतो. बहुतेक ट्रॅक्टरांत ऋण टोक सांगाड्याला असतें, परंतु कांहीं जुन्या इंग्रजी बनावटीच्या यंत्रांत धन टोक सांगाड्याला असे. तेव्हां गृहीत न धरतां पाहून घ्यावें.

अर्थच्या तारेचें दुसरें टोक जेथें सांगाड्याला बसतें तें ठिकाण कोणी पाहत नाहीं. त्याखालीं गंज, रंग आणि वर्षांचा चिखल असतो. याची परीक्षा अशी करावी. गिअर न्यूट्रलमध्यें टाकावा, एंजिन बंद करण्याचा दट्ट्या ओढून धरावा म्हणजे एंजिन चालू होणार नाहीं, आणि आसनावर बसलेल्या माणसानें सेल्फ मारावा. त्या वेळीं मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थकडील टोकाच्या शिशावर व दुसरी एंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवावी. अर्ध्या व्होल्टाहून जास्त आंकडा आला तर वाट अडलेली आहे. मीटर नसेल तर हातानेंही कळतें: सेल्फ मारल्यावर जो जोड गरम लागतो तोच दोषी. आम्हीं असे ट्रॅक्टर पाहिले आहेत कीं ज्यांची बॅटरी ठणठणीत, सेल्फही ठणठणीत, आणि मधली दीड हात तार मात्र रबराच्या आंत कुजून गेलेली.

यानंतर जमा पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टराच्या बॅटरीवर सकाळीं मीटर लावावा. १२.६ च्या आसपास आंकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.२ आला तर निम्मी, आणि ११.९ च्या खालीं गेला तर रिकामी समजावी. मग एंजिन चालू करून मध्यम वेगांत ठेवावें, आंकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढावा. तो १२.६ च्या पुढें सरकतच नसेल तर जमा बंद आहे. अशा वेळीं प्रथम पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबून पाहावा; बोटाच्या जाडीहून अधिक दबत असेल तर तो घसरतो आहे. पट्टा ठीक असेल तर डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजले आहेत काय तें पाहवून घ्यावें. पुष्कळ अल्टरनेटरांना सुरुवातीची चेतना चार्जिंगच्या लाल दिव्यातून मिळते; तो दहा-वीस रुपयांचा बल्ब उडाला तरी जमा थांबते, आणि लोक अल्टरनेटर सोडवून बसतात. याच्या उलट, आंकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. मग बॅटरी उकळते, पाणी वरचेवर आटतें, व उन्हाळ्यांत तिचें आयुष्य झपाट्यानें सरतें. एक गोष्ट कटाक्षानें पाळावी: अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टराचें एंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींही काढूं नये. ‘तार काढून पाहूं, एंजिन चाललें तर चार्जिंग ठीक’ ही जुन्या डायनॅमोच्या काळची परीक्षा अल्टरनेटरचे डायोड जाळते.

आतां चोराची गोष्ट. चावी बंद, सर्व बटणें बंद करून अर्थची तार बॅटरीवरून सोडवावी आणि ती तार व बॅटरीचें टोक यांच्यामध्यें बल्ब लावावा. जुन्या साध्या ट्रॅक्टरांत बल्ब मुळींच लागतां कामा नये. तो लागला, अगदीं मंद जरी लागला, तरी चोरी चालू आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावा. ज्या फ्यूजानें बल्ब विझेल त्या वाटेवर चोर आहे. बल्ब लागत नाहीं तरीही बॅटरी उतरते, अशी शंका असेल तर बल्बाच्या जागीं मीटर १० अ‍ॅम्पीअरच्या घरांत लावून पाहावा, म्हणजे बारीक गळतीही दिसते. मीटर असा लावलेला असतां सेल्फ मात्र मारूं नये. मीटर जागच्या जागीं जळेल.

धर्माबादपासून दोन कोसांवरील एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आम्हीं याच रीतीनें पाहिला. चार वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या, आणि चौथीची रक्कम उसनवार घेण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. बल्ब लावतांच मंद लागला. सगळे फ्यूज काढून ठेवले तरी तो तसाच! तेव्हां फ्यूजाच्या पेटींतून न जाणारी वाट शोधावी लागली. डायनॅमोची तार सोडवून पाहिली; बल्ब तसाच. शेवटीं बॅटरीच्या धन टोकाच्या नटाखालीं एक बारीक लाल तार सांपडली. ती आसनाखालून थेट गाण्यांच्या डेककडे गेली होती. डेकचें बटण बंद असलें तरी त्याचा अ‍ॅम्प्लिफायर जागाच राही आणि ०.३ अ‍ॅम्पीअर घेत असे. दिवसाचे सात अ‍ॅम्पीअर-तास. सहा दिवसांत निम्मी बॅटरी. ट्रॅक्टर रोज चाले तेव्हां ही तूट भरून निघे, म्हणून हंगामांत कांहीं जाणवत नसे. मे महिन्यांत उभा राहिला कीं बॅटरी पार कोरडी होई. आणि रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर खडा क्षार धरतो, तो पुढें चार्जिंगनेंही सुटत नाहीं. बॅटऱ्या मरत होत्या त्या यामुळें. ती तार चावीच्या पुढच्या बाजूस फ्यूज घालून जोडून दिली. उसनवारी टळली, व त्याच तिसऱ्या बॅटरीवर पुढची पेरणी पार पडली. डेक अजून वाजतो.

डेकाप्रमाणेंच आणखी कांहीं ठरलेले चोर आहेत. डायनॅमोच्या कट-आउटचीं टोकें एकमेकांस चिकटलीं तर बॅटरी उलट डायनॅमोंतच रिकामी होते. अल्टरनेटरचा डायोड बिघडला तरी तोच प्रकार. रात्रभर उभ्या ट्रॅक्टराच्या डायनॅमोवर सकाळीं हात ठेवून पाहावा. तो कोमट लागला तर दुसरी साक्ष नको. गोठ्याशेजारीं ट्रॅक्टर उभा असेल तर उंदीर तारांचें आवरण खातात, आणि उघडी तार पावसाळ्यांत ओल्या लोखंडाला टेकते. हा चोर उन्हाळ्यांत सांपडत नाहीं. भर पावसांतच बल्ब लावून पाहावें लागतें.

हें सारें निर्दोष निघालें तरच बॅटरीला दोष द्यावा. तिची परीक्षा हायड्रोमीटरनें होते. भरलेल्या बॅटरींत तेजाबाचें विशिष्ट गुरुत्व, बनावटीप्रमाणें, १.२४ ते १.२८ च्या दरम्यान असतें. उष्ण मुलखासाठीं केलेल्या बॅटऱ्यांत तें खालच्या अंगाचें असतें. आंकड्यापेक्षां समानता महत्त्वाची. पांच कप्पे सारखे आणि सहावा ०.०५ नें मागें, असें झालें तर तो कप्पा गेला, व त्याबरोबर बॅटरीही गेली. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्ड. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी क्षारयुक्त आहे. तें पत्रे खातें. तेजाब तर वरून कधींच घालूं नये. आटतें तें पाणी, तेजाब आटत नाहीं.

आतां धोक्याविषयीं, कारण येथें प्रश्न पैशांचा राहत नाहीं. बॅटरी उतरली किंवा चावीचें बटण बिघडलें म्हणजे पुष्कळ लोक जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टेकवितात. ट्रॅक्टर गिअरमध्यें राहिला असेल तर तो तत्क्षणीं उचल खातो, आणि तेथें उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर मागचें मोठें चाक येतें. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत गिअर असतां सेल्फ अडवून धरणारी योजना नाहीं. जेथें आहे तेथेंही पेचकसानें ती डावलली जाते. माणूस मागें सरेपर्यंत वेळ मिळत नाहीं. सेल्फ आसनावर बसूनच मारावा, आणि बटण बिघडलें असेल तर तें त्याच दिवशीं बदलावें. घरांतील पोरांनाही ही पेचकसाची युक्ति दाखवूं नये.

चार्जिंग होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. म्हणून तिच्यावर वाकून बिडी ओढूं नये. दुसऱ्या बॅटरीवरून तारा लावून ट्रॅक्टर चालू करावयाचा असेल तर, ऋण टोक सांगाड्याला असलेल्या यंत्रांत, प्रथम धनाला धन जोडावें, नंतर चांगल्या बॅटरीचें ऋण टोक, आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावतां तिच्यापासून दूर एंजिनाच्या लोखंडावर लावावा. ठिणगी पडली तरी ती वायूपासून लांब पडते. तेजाब डोळ्यांत उडालें तर लागलीच भरपूर साध्या पाण्यानें धूत राहावें व दवाखाना गांठावा.

ट्रॉलीच्या दिव्यांविषयीं थोडें लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. इंडिकेटर लावला कीं मागचा लाल दिवाही मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला कीं भलताच दिवा लागतो, हें दृश्य आपल्या रस्त्यांवर नेहमींचें आहे. बल्ब बदलून तें सुधारत नाहीं. ट्रॉलीची वीज परत येण्याची वाट हूकाच्या गंजलेल्या पिनेंतून असते. ती अडली कीं वीज दुसऱ्या दिव्यातून परतण्याची धडपड करते. ट्रॉलीच्या सांगाड्यापासून ट्रॅक्टराच्या सांगाड्यापर्यंत अर्थची एक स्वतंत्र तार प्लगमधून ओढून घ्यावी. खर्च शंभर-दोनशें रुपयांचा. अंधाऱ्या रात्रीं भरलेली ट्रॉली दिव्यावांचून उभी असली म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास ती अंगावर येईपर्यंत दिसत नाहीं. मागें लाल परावर्तक पट्ट्याही चिकटवाव्यात. त्यांना बॅटरी लागत नाहीं.

राहतां राहिला उन्हाळा. दहा अंश उष्णता वाढली कीं बॅटरींतली आपोआप होणारी झीज सुमारें दुप्पट होते, आणि आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो. ट्रॅक्टर पंधरवड्याहून अधिक उभा राहणार असेल तर अर्थची तार सोडून ठेवावी, बॅटरी सावलींत असावी, आणि महिन्यांतून एकदां ती बाहेरून पुरती चार्ज करून घ्यावी. पांच मिनिटें एंजिन फिरवून बंद केल्यानें भागत नाहीं. त्यांत सेल्फचा खर्चही नीट वसूल होत नाहीं. रोहिणी निघाल्या कीं, मृगाची वाट न पाहतां, तार जोडून पाणी पाहावें, मीटर लावावा आणि एक फेरी रानापर्यंत मारून यावी. दोष निघालाच तर मिस्त्रीच्या हातीं त्या दिवसांत वेळ असतो.